संगणकाची यादी आणि गळालेली नावे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पिंपळे सौदागर येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक आणि आपले भवितव्य' असा विषय छापलेला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. आज मी एका चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक माझी स्वतःची आहे, आणि तिच्यामुळे आपल्याच मुलामुलींची नावे शिष्यवृत्तीच्या यादीतून गळाली होती. ज्या पालकांना त्या आठवड्यात हेलपाटे पडले ते येथे बसलेले आहेत, म्हणून हकीकत त्यांच्यासमोरच सांगणे मला योग्य वाटते.

दुसऱ्या फेरीचे अर्ज आपण दोन संगणकांवर स्कॅन करून घेतले. स्वयंसेवक मुलांनी प्रत्येक शाळेचा एक फोल्डर केला, त्यात 'दुसऱ्या-फेरी' नावाचा फोल्डर आणि त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाची एक पीडीएफ फाईल. नावांत मोकळी जागा सोडू नका, आडवी रेघ घाला, एवढी सूचना मी दिली होती आणि मुलांनी ती पाळली. हे सगळे फोल्डर माझ्या लिनक्स संगणकावर आणून मी एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकामागून एक द्यायच्या हुकमांची चिठ्ठी. सर्व फाईली शोध आणि त्यांची नावे एका यादीत उतरव, एवढेच तिचे काम. यादी तयार झाली, छापली, समितीकडे गेली. तिसऱ्या दिवशी एक भगिनी माझ्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाई, माझ्या मुलीचं नाव यादीत नाही. अर्ज मी स्वतः दिलाय, पावती आहे." मी म्हणालो, "आपा, संगणकाने केलेली यादी आहे, नाव राहणार नाही, पुन्हा एकदा बघा." त्यांनी यादी माझ्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच बघा."

नाव नव्हते. मग मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. पावतीपुस्तक काढले. पावत्या ४१२ होत्या आणि यादीत नावे ३७२.

आता ही नावे गळाली कशी हे समजायचे तर 'वाइल्डकार्ड' म्हणजे काय हे आधी पाहिले पाहिजे. हा शब्द पत्त्यांतून आला. रमीतला जोकर जसा कोणत्याही पानाच्या जागी चालतो तसे हे चिन्ह कोणत्याही अक्षरांच्या जागी चालते. (या व्यासपीठावरून पत्त्यांचा दाखला दिला म्हणून वडीलधाऱ्यांनी माफ करावे.) ही चिन्हे मुख्यतः तीन. चांदणी म्हणजे स्टार, ती कितीही अक्षरांच्या जागी चालते, शून्य अक्षरांच्याही. प्रश्नचिन्ह फक्त एका अक्षराच्या जागी. आणि चौकोनी कंस, त्यात लिहिलेल्या अक्षरांपैकी कोणत्याही एकाच्या जागी.

आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. एखाद्याने 'पिंपळे*' असा नमुना देऊन गावे शोधायला सांगितली तर पिंपळे सौदागर येईल, पिंपळे गुरव येईल, पिंपळे निलखही येईल. इथपर्यंत आपल्याला बरे वाटेल. पण शिरूर तालुक्यातले पिंपळे जगतापही त्याच जाळ्यात येईल, आणि तिथल्या माणसाचा पवनेच्या काठाशी काही संबंध नाही. उलट 'पिंपळे-सौ*' लिहिले आणि कोणी गावाचे नाव घाईत 'पिंपळे_सौदागर' असे खालच्या रेघेने लिहून ठेवले असेल, तर आपलेच गाव सापडणार नाही. म्हणजे नमुना दोन तऱ्हेने चुकतो, नको ते आणतो किंवा हवे ते सोडतो. पहिली चूक डोळ्यांना दिसते, कारण भलते नाव समोर येते. दुसरी दिसत नाही. जे आलेच नाही ते दिसणार कसे? वर्गात बाई हजेरी घेतात तेव्हा गैरहजर मुलांच्या नावापुढे खूण होते. वाइल्डकार्डाच्या हजेरीत गैरहजर असा रकानाच नाही. जे आले तेवढेच तो सांगतो आणि काम झाले म्हणतो.

ही सोय पन्नास वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली. तिच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच हे काम करणारा 'ग्लॉब' नावाचा स्वतंत्र कार्यक्रम होता. 'ग्लोबल' या शब्दाचे ते आखूड रूप. विद्यार्थ्यांनी यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपण हुकमात चांदणी लिहितो ती यादी करणाऱ्या किंवा फाईल पुसणाऱ्या हुकमापर्यंत पोचतच नाही. मधला दुभाषा, ज्याला शेल म्हणतात, तो आधी चांदणीच्या जागी खऱ्या फाईलींची नावे भरतो आणि मग हुकूम पुढे पाठवतो. आणि त्या नमुन्यात बसणारी एकही फाईल नसेल तर नेहमीचा शेल चांदणी आहे तशीच पुढे ढकलतो. म्हणून कधी कधी 'अशी फाईल नाही' या तक्रारीत खुद्द चांदणीच छापलेली दिसते. ती दिसली की समजावे, नमुना रिकाम्या हाताने परत आला आहे.

असो. माझा नमुना असा होता: अर्ज/*/दुसऱ्या-फेरी/*.पीडीएफ. म्हणजे अर्ज या फोल्डरातील कोणतीही शाळा, तिच्यातील दुसरी फेरी आणि तिच्यातील कोणतीही पीडीएफ. वाचायला अगदी सरळ. त्यात ४० नावे कुठे अडकली?

पहिली ९ लवकर सापडली. एका स्कॅनरने फाईलीच्या नावाचे शेपूट इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिले होते. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नसतो, लिनक्सला असतो. शेपटाच्या प्रत्येक अक्षरासाठी चौकोनी कंसात लहान आणि मोठे अशी दोन्ही रूपे लिहिली, आकडा ३८१ झाला.

पुढची १७ मात्र शिकवून गेली. एका शाळेच्या स्वयंसेवकाने नीटनेटकेपणाने 'दुसऱ्या-फेरी'च्या आत आणखी तुकड्यांचे फोल्डर केले होते. चांदणी कितीही अक्षरे गिळते, पण तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, ओलांडत नाही. स्लॅश ही भिंत आहे. आपल्या इथल्या सोसायट्यांत इमारत, मजला आणि फ्लॅट असा पत्ता असतो. 'कोणतीही इमारत, कोणताही फ्लॅट' एवढेच सांगून पाठवलेला पोरगा मजल्यांवर फिरणार नाही, त्याला जिन्याचे सांगितलेलेच नाही. उपाय म्हणून मी दोन चांदण्या लिहिल्या, कारण दोन चांदण्या भिंती ओलांडतात हे मी वाचले होते. स्क्रिप्ट पुन्हा चालवली. यादीत नावे आली १७!

खरे सांगतो, मी घाबरलो. ३८१ वरून १७. आणि इथे मी दुसरी चूक केली. घाईत एकाच वेळी चार ठिकाणी बदल केले, त्यामुळे कशाने काय झाले हे कळेनासे झाले आणि ती रात्र वाया गेली. सकाळी सर्व बदल मागे घेऊन ती १७ नावे नुसती वाचली. ती नेमकी कालपर्यंत हरवलेल्या १७ मुलांची होती, त्या तुकड्यांच्या फोल्डरांतली! मग उलगडा झाला. बॅश या शेलमध्ये दोन चांदण्यांचा हा विशेष अर्थ २००९ सालच्या ४.० आवृत्तीत आला, आणि तोही 'ग्लोबस्टार' नावाची कळ मुद्दाम चालू केली तरच. कळ बंद असेल तर दोन चांदण्या म्हणजे एकच चांदणी. ना तक्रार, ना सूचना. त्यामुळे माझा नमुना 'बरोबर एक फोल्डर आत जा' असा झाला होता. आत गेलेल्या मुलांना तो सापडला आणि बाहेर बसलेल्यांना विसरला. (मॅक संगणकाबरोबर येणारा बॅश अजूनही ३.२ आहे, तिथे ही कळच नाही. घरी करून पाहणाऱ्यांनी आधी आवृत्ती तपासावी.) कळ चालू केली, आकडा ३९८.

राहिली १४. या १४ जणांच्या फाईली नेमक्या जागी होत्या, शेपूट बरोबर होते, आत आणखी फोल्डर नव्हता. एक गोष्ट तेवढी विचित्र होती. त्या शाळेच्या फोल्डरात 'दुसऱ्या-फेरी' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसत होते. एका ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर राहू शकत नाहीत हे संगणकाचा पहिला धडा शिकलेले मूलही सांगेल. मग नावे एक नव्हतीच!

मराठीचे हे आपले अर्धे र फार गोड आहे आणि फार फसवे. 'दुसऱ्या' मधला ऱ्य आज सर्वत्र वापरात असलेल्या युनिकोड पद्धतीत दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि पुढे य. छापून आल्यावर दोन्ही सारखेच. येथे मुद्दाम दोन्ही देतो: दुसऱ्या, दुसर्‍या. आपल्याला दोन्हींत तीच मुंगीसारखी रेघ दिसते. संगणकाला मात्र वेगवेगळे आकडे दिसतात. आपल्या दोन संगणकांवर टंकलेखनाच्या पद्धती वेगळ्या होत्या, म्हणून एकावर हे रूप उमटले, दुसऱ्यावर ते. माझ्या नमुन्यात पहिले रूप होते. नावाचे एकेक संकेतचिन्ह आकड्यांत छापून पाहिले तेव्हाच हे सापडले. डोळ्यांनी वर्षभर पाहत बसलो असतो तरी सापडले नसते.

देवनागरीची अशी आणखी एक गंमत विद्यार्थ्यांनी करून पाहावी. प्रश्नचिन्ह एका अक्षराच्या जागी चालते असे मी म्हणालो. पण आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते 'शि' संगणकाच्या लेखी दोन चिन्हे आहेत, श आणि वेलांटी. तिथे एक प्रश्नचिन्ह पुरत नाही. उर्दू लिहिणाऱ्यांनाही हा अनुभव येईल. अरबी कीबोर्डवरचा काफ आणि उर्दू कीबोर्डवरचा काफ, तसेच दोन्हींकडची ये, यांचे संकेतांक वेगळे आहेत, आणि शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये ती अक्षरे एकसारखीच दिसतात. एका कीबोर्डवर नाव लिहून दुसऱ्या कीबोर्डवर शोधले की नाव नाही असेच उत्तर येते.

मी दोन्ही फोल्डर एक केले. यादीत नावे ४१२. पावत्या ४१२. हिशेब जुळला. मी समितीला फोन करून काम झाल्याचे कळवले आणि त्या आपांनाही निरोप धाडला. संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. म्हणाल्या, "भाई, अजून नाही."

मित्रहो, ४१२ पैकी ४१२ आणि तरीही एक मुलगी यादीत नाही! काही क्षण मला काही सुचेना. मग पावतीपुस्तक आणि यादी घेऊन आम्ही दोघे जमिनीवर बसलो, त्या पावतीवरचे नाव वाचत गेल्या आणि मी यादीत खूण करत गेलो. दीड तास लागला. शेवटी यादीत एक नाव दोनदा आलेले दिसले आणि पावतीवरचे एक नाव एकदाही नाही. दोघींची नावे तीच, शाळाही तीच. खरी नावे सांगत नाही, 'मुलगी' म्हणू. स्वयंसेवकाने दुसऱ्या मुलीची फाईल 'मुलगी२' केली होती. या आपांच्या मुलीचा अर्ज पुसट आल्याने पुन्हा स्कॅन केला, आणि तो 'मुलगी[२]' या नावाने ठेवला गेला.

आता चौकोनी कंसाचा अर्थ आठवा: कंसातल्यापैकी कोणतेही एक अक्षर. माझ्या स्क्रिप्टने फाईल अगदी बरोबर शोधली होती. पण तिचे नाव पुढच्या हुकमाला देताना मी ते अवतरणचिन्हांत घातले नाही. त्यामुळे शेलने ते नाव पुन्हा एकदा नमुना म्हणून वाचले, 'मुलगी'च्या पुढे २ असलेली फाईल शोधली, शेजारची 'मुलगी२' सापडली आणि तीच यादीत लिहिली. शेजारी 'मुलगी२' नसती तर शेलने कंसासकट नाव जसेच्या तसे ठेवले असते आणि काही बिघडले नसते. दोन मुली, एक नाव, एक पुसट कागद आणि माझी दोन विसरलेली अवतरणचिन्हे, हे सगळे एकत्र आले तेव्हा हे घडले. आणि आकडा तर पहिल्यापासून बरोबर दिसत होता, कारण एक नाव गेले तिथे दुसरे दोनदा आले. मोजणी मी आधीच शिकलो होतो. नावानिशी ताडून पाहणे त्या आपांनी शिकवले.

आमची स्क्रिप्ट फक्त यादी करत होती म्हणून थोडक्यात निभावले. पुसण्याचे काम असते तर? २०१५ च्या जानेवारीत संगणकावरील खेळ पुरवणाऱ्या 'स्टीम' या कार्यक्रमाच्या लिनक्स आवृत्तीबाबत असेच उघडकीस आले. तिच्या स्क्रिप्टमध्ये स्वतःच्या फोल्डरचा पत्ता, पुढे स्लॅश आणि चांदणी, असे पुसण्याचा हुकूम होता. एका माणसाने तो फोल्डर दुसरीकडे हलवला. पत्ता काढण्याचा प्रयत्न फसला आणि पत्त्याची जागा रिकामी राहिली. मागे उरले काय, तर स्लॅश आणि चांदणी, म्हणजे संगणकावरचे सर्व काही. त्याच्या सर्व फाईली गेल्या, जोडून ठेवलेल्या जादा डिस्कवरच्याही, जिथे त्यांची राखीव प्रत होती. म्हणून पुसण्याच्या हुकमाआधी तोच नमुना नुसता छापून पाहावा, आणि पत्ता रिकामा असेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावे अशी सोय करावी.

पालकांना मी यातली एकच गोष्ट सांगेन, आणि तिला संगणक यायची गरज नाही. आपल्याकडे एकच नाव मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मोहंमद असे चार तऱ्हांनी लिहिले जाते. इंग्रजीत तर कोणी दोनच अक्षरांत आटोपतो. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर तिसरे. घरात त्याने काही बिघडत नाही, अम्मी हाक मारते तेव्हा मूल येतेच. पण 'मोह' पासून सुरू होणारी नावे शोधणाऱ्या यंत्राला महंमद आणि मुहम्मद दिसत नाहीत. मुलाचे नाव पहिलीत घालताना जे स्पेलिंग लिहाल तेच पुढे सगळीकडे ठेवा, आणि जिथे वेगळे पडले आहे तिथे दहावीच्या आधी दुरुस्त करून घ्या. नंतर ते फार जड जाते. आमच्या कार्यालयात त्यासाठी अर्जाचा नमुना ठेवला आहे. हा नमुना चांदणीचा नव्हे, साध्या कागदाचा.

ती यादी मुदतीच्या आत, दोन दिवस राखून, पुन्हा दाखल झाली. मुलीचे नाव तीत आहे, तिच्या नामबहिणीचेही, प्रत्येकीचे एकदाच. यंदापासून फाईलीला नाव न देता पावतीचा क्रमांक देण्याचे ठरले आहे. स्क्रिप्ट यादी करून झाल्यावर पावतीपुस्तकाशी क्रमांकानिशी ताडून पाहते आणि जे सापडले नाहीत त्यांची वेगळी यादी काढते. ती दुसरी यादी आधी छापायची, पहिली नंतर.

मूळ स्क्रिप्ट मी टाकून दिलेली नाही. चारही चुका तशाच ठेवून तिची एक प्रत आणि बनावट नावांच्या ४१२ फाईली संस्थेच्या संगणकावर ठेवल्या आहेत. आठवीच्या पुढच्या ज्या मुलामुलींना त्या शोधून पाहायच्या असतील त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता यावे. एका वेळी एकच बदल करायचा आणि केलेला बदल वहीत लिहायचा, एवढीच अट. पावतीपुस्तक मोजायला त्या आपा येणार आहेत, तसे त्यांनी कबूल केले आहे.